पहिल्या नावेचा मान

सन दोन हजार चोवीस, महिना मे, वैशाखातला रणरणता उन्हाळा. आणि अशा दिवसांत मुळशी धरणाच्या काठी 'किनारा कार्निव्हल' भरवायचा, हे कोणाच्या डोक्यातून निघाले असेल, तुम्हीच सांगा! समुद्र ताम्हिणी घाटाच्या पलीकडे, आमच्याकडे नुसती ट्रकभर ओतलेली वाळू आणि प्लास्टिकचे माड... बरे, ते जाऊ द्या. दर वर्षीचेच आहे.

तुम्हाला सांगते, या उत्सवाचा एकच नियम मला मान्य. गावातल्या सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीने फेटा बांधून पहिल्या नावेतून फेरी मारायची. सहा वर्षे हैबतराव बसले. सहा! मी काठावर उभी राहून सहा वर्षे टाळ्या वाजवल्या. माघात ते गेले. वाईट वाटलेच हो... तेराव्यापर्यंत मी विषयसुद्धा काढला नाही. मला सोस नाही, पण नियम म्हणजे नियम!

तर आयोजक शैलेश, बावधनचा, संगणकातला, मला विचारतो, "आजी, तुम्ही मोठ्या की अलाउद्दीनचाचा? कन्फ्यूजन आहे." कन्फ्यूजन? किराणा दुकानदार अलाउद्दीन माझ्या वर्गातला! मी तडक मॅट्रिकचे प्रमाणपत्र पुढे केले. जन्म, एक जून एकोणीसशे शेहेचाळीस. त्यावर अलाउद्दीन गल्ल्यावरून हसतो, "आगं हेमे, माजा बी त्योच की! नरहरी गुरुजींनी आख्ख्या वर्गाला एकच तारीख लावली न्हवं का? हजेरी लिवायला सोपी!"

आता आली का पंचाईत? तोच पुढे म्हणाला, "पर हीच थोरली हाय. पोरींना उशिरा घालायचे शाळंत. माजे दात पडायचे व्हते, तवा हिचे पडून परत आल्ते! तीन वर्सांनी मोटी. बसू द्या हिलाच."

मनाचा मोठेपणा म्हणावा की सूड? सत्त्याहत्तराची बाई मी, एका वाक्यात ऐंशीची झाले! त्याची सून आरिफा त्याला दटावते, "अब्बा, बायकांचं वय असं चारचौघांत काढतात व्हय?" पण नाव समोर डोलत होती... मला सोस नाही, पण नियम म्हणजे नियम! शैलेश म्हणाला, "आजी, लिहून द्या." दिले. सुवाच्य अक्षरात, ऱ्हस्वदीर्घ सांभाळून: 'माझ्या वयास ऐंशी वर्षे पूर्ण झाली आहेत.' खाली सही.

उत्सवाच्या दिवशी फेटा बांधून, नऊवारी सावरून मी नावेपाशी गेले, तर नावेवरचा रोहित हात आडवा करून उभा! "आजी, ह्यो बोर्ड यंदाच लागलाय बगा." बोर्डावर काय? 'ऐंशी वर्षे पूर्ण झालेल्यांस नावेत प्रवेश नाही.' मी म्हटले, "अरे, प्रमाणपत्रावर सत्त्याहत्तर आहेत!" तर म्हणतो, "व्हय, पर तुमी सोताच लिवून दिलंय. नुसतं ऐंशी असतं तर म्या बसवलं असतं वो... तुमी 'पूर्ण' लिवलंय!"

आता स्वतःच्या अक्षराला खोटे म्हणू? जन्मात म्हटले नाही!

मग कागदोपत्री सत्त्याहत्तरचा, सर्वांत ज्येष्ठ 'पात्र' उमेदवार कोण? अलाउद्दीन! माझ्याच डोक्यावरचा फेटा उतरवून मी त्याच्या डोक्यावर ठेवला. तो नावेत बसला, नाव हलली, आणि मधल्या पाण्यातून ओरडतो कसा, "हेमे, फोटू काड की गं!"

काढला. काय करता? रविवार, सव्वीस मे, दुपारचे चार वाजून दहा मिनिटे. आणि सांगायला लाज वाटते... मेला देखणा आला आहे हो!