माहेरची पुडी

"हॅलो? …हां आई, मीच. बोल ना."

बोल म्हणाली खरं, पण स्वतः बोलायचं कसं? गुलमंडीतलं दुकानावरचं घर, खोल्या दोन, आणि श्रेयाच्या सासूबाई द्वारकाबाई, तिच्या तोंडी 'आत्याबाई', समोरच मेथी निवडत बसलेल्या. हात मेथीत, कान सुनेच्या फोनात.

"हो, जेवले… नाय गं, पाळी थांबली कुठं? अंगावरनं लई जायलंय. सकाळी जिन्यात डोळ्यापुढं अंधारी आली… काढा? पिते की, दोन्ही टायमाला… कशाचा ते मला काय ठाऊक? मुळी हाय कसली तरी. नाव सांगितलं की गुण जातो म्हणतात… अगं ऐक ना. दवाखान्यात जाते म्हणलं, तर काढा संपल्याबिगर दुसरी दवा चालत नाय. पोटात दोन्ही भांडतात म्हणं… हे? हे शेंद्र्याला, कंपनीत. आईचं ऐक म्हणतात, अजून काय."

एवढ्यात कुकरची शिट्टी झाली. द्वारकाबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि आत गेल्या. श्रेयाला तेवढंच पाहिजे होतं.

"आई, गेल्या त्या. आता मधी बोलू नको. गोकुळदादाला आत्ताच धाड. वेरूळ काय लांब नाय. माहेरपणाला न्यायला आलो म्हणावं, आन् नीट दवाखान्यात जाऊ. मला भ्या वाटायलंय गं… काय? पोटात साठलेलं जायलंय, चांगलंच हाय? कोण म्हणलं? …भामाबाई? तुमच्या गल्लीतली, झाडपाला देणारी? …थांब. मुळीची पुडी कोणी आणली म्हणलीस? …तू?"

इतके दिवस श्रेयानं मनातल्या मनात सासूला लाखोली वाहिली, आणि मुळी आली होती माहेरून.

"मग मला का नाय सांगितलं? …व्हय, तुझ्या हातनं पिले नसते. म्हणून आत्याबाईंच्या हातात दिलीस. त्यांना मी नाय म्हणत नाय, हे तुला पक्कं ठाऊक… बरं, राहू दे. आता मुळीचं नाव तरी सांग. डॉक्टरीणबाई विचारतील… तुला बी ठाऊक नाय? …भामाबाईनं सांगितलं नाय, तू पुसलं नाय. अन् मी पिते… मग दादा? …काढा संपल्यावर?"

द्वारकाबाई परत आल्या, मेथीपाशी बसल्या. श्रेयानं पदरानं तोंड पुसलं.

"हो आत्याबाई, आईच हाय… हो, सांगते. आई, पुडी संपत आली म्हणायल्यात… बरं… बरं. आत्याबाई, दादा उद्या येतोय. …नाय, न्यायला नाय. दुसरी पुडी घेऊन येतोय… ठेवते, आई."