खाडीचा कस

माझं माहेर घाटाखाली, महाडाच्या पल्याड खाडीकाठी, आणि दिली हितं हिर्डोशीला डोंगरात, त्यामुळं बोली धड तिकडची राहिली न्हाई का धड हिकडची झाली न्हाई, सासूबाई म्हणायच्या, ही बोलती तवा अर्धं मीठ लागतं. माहेरी आमी शेतकरीच, पण दारात खाडी असल्यावर मासळीला कोण सोडतंय. गाव आणि खाडीच्या मधी खाजण होतं, म्हंजे भरतीचं पाणी रोज चढायचं-उतरायचं अशी चिखलाची जागा, नुसतं गवत आणि तिवराची झाडं.

काय सांगू तुम्हाला, ओहोटी लागली का त्या खाजणातलं पाणी एका तोंडानं खाडीत उतरायचं, कोऱ्या चहासारखं, आणि तिथं आमी बायका हातजाळी घेऊन गुडघाभर पाण्यात उभ्या. त्या तोंडाशी उभं राहायची घराघराची पाळी ठरलेली, पाळी मोडली का भांडण. माझी आय ओंजळीत पाणी घेऊन बघायची, म्हणायची, पाण्यात रंग उतरलाय, आता बोय येतीय बघ, आणि ती मासळी यायचीच. गवत, पानं चिखलात कुजायची, त्यांचा कस पाण्यात उतरायचा, आणि ओहोटी तो खाडीला नेऊन द्यायची. तुमी पाण्याचा अभ्यास करायला आलेली माणसं आत्ता म्हणालात ना, की ते विरघळलेलं खाणं असतं, डोळ्याला न दिसणारे जीव त्यावर जगत्यात, त्यांच्यावर कोळंबी, कोळंबीवर मासा. व्हय, तेच. आमी त्याला कस म्हणायचो.

मग गावाला भातजमिनीची हाव सुटली. माझा थोरला भाऊ, दादा, तोच पुढं. म्हणाला, हे काळं पाणी म्हंजे गावाची घाण, सोयरे येत्यात तर नाक दाबत्यात, बांध घाला. आय म्हणाली, अरं, घाण न्हाई ती, खाडीची भाकर हाय, तर सगळे हसले, म्हणाले, म्हातारे, माशांना चहा पाजतीस व्हय? घातला बांध त्या तोंडावर, खाजणाचं शेत केलं. खाडीचं पाणी निवळशंख झालं, लोकांनी नारळ फोडला. पहिली काई सालं भात पिकला, मग जमिनीतनं मीठ वर आलं. आणि खाडी स्वच्छ, स्वच्छ आणि रिकामी. आय ओंजळ भरायची, बघायची आणि टाकून द्यायची. घरात माझ्या हाताला काम उरलं न्हाई, मग दिली मला घाटावर.

मागं एका पावसाळ्यात तो बांध फुटला. वरंध घाट बंद, सुरू झाला तशी पहिल्याच एस्टीनं गेले. आय तवर राहिली नव्हती. ओहोटीला जाऊन बघते तर पाण्याला रंग आलेला, लई दिसांनी, आणि तोंडाशी बोयीची पिल्लं, म्या तिथंच चिखलात बसले. घरी येऊन म्हटलं, दादा, हे भगदाड असंच ऱ्हाऊ दे, भात तर येत न्हाईच, खाडी तरी जगंल. तर म्हणाला, बांध नसला तर गिऱ्हाईक येईल का जमिनीला, पुण्याची पार्टी बघून गेलीय, बंगले हुणार हायेत. म्या म्हटलं, त्या तोंडाशी आयची पाळी होती, तिच्यामागं ती माझी. वहिनी चुलीपुढनंच म्हणाली, वन्सं, पाळी घराची असती, तुमी दिल्या घरच्या. आणि दादानं तिथंच जेसीबीवाल्याला फोन लावला. तिच्या बोलण्यापरीस ते त्याचं फोन लावणं लागलं मला. दुसऱ्या दिवशी जेसीबी आला आणि तोंड बुजवलं.

आता सुकी मासळी भोरच्या बाजारातनं आणते, तीबी कुठली कुठली. परवा दादानं मोबाईलवर फोटू धाडला, बंगल्यापुढची खाडी. नात म्हणाली, आजी, किती छान, काचेसारखं पाणी. म्या म्हटलं, व्हय बाळा, उपाशी पाणी असंच दिसतं.

भाऊ हाय माझा, त्याचं बरं होवो, त्याची लेकरंबाळं सुखात राहोत. भाऊबीजेला घाट उघडा असतो, एस्टी दारावरनं जाती, म्या न्हाई जात.