निवृत्तीअण्णांची तीन कोरी पानं

मंडळी, सत्याला साक्षीदार लागत नाही! सूर्याकडे कुणी दाखला मागतं का? नाही. — परदेशी जाणाऱ्या हळदीकडे मात्र मागतात. तीन प्रतींत, शिक्क्यासह.

हसू नका, प्रश्न गंभीर आहे. जे डोळ्यांनी पाहिलं नाही, ते 'पाहिलं' म्हणून सही करावी का? मागचे काका आत्ताच 'नाही' म्हणून मान हलवतायत. काका, आधी ऐका तर!

सांगलीजवळ हळद पावडरीचा एक कारखाना. माल बोटीनं युरोपात जायचा. तिकडचा व्यापारी म्हणाला, "हळद उत्तम. पण वाटेत कंटेनरमध्ये कुणी भलतंच काही दडवलं नाही, याची खात्री काय? सुरक्षेचं प्रमाणपत्र आणा, नाहीतर राम राम!" आता तो 'राम राम' म्हणाला नसेल — पण अर्थ तोच!

गेटावर निवृत्तीअण्णा खाडे. बावीस वर्षांची नोकरी. रिकामा कंटेनर आला की अण्णा काठी घेऊन आत शिरायचे. समोरची भिंत — ठक! डावी, उजवी, छत, जमीन, दारं — ठक, ठक! मग वाकून बाहेरून बूड. सात ठिकाणं. बाजारात माठ वाजवून घेतात ना, तसं. आवाज पोकळ आला तर समजायचं, मागे चोरकप्पा! मग रजिस्टरात सात खुणा आणि खाली सही.

ड्रायव्हर चिडवायचे, "अण्णा, आत नागोबा हाय काय?"

"नसंल. पर बघितल्याबिगर कसं सांगू?"

प्रमाणपत्रासाठीच्या तपासणीच्या आदल्या दिवशी मॅनेजर आवटीसाहेबांनी रजिस्टर चाळलं. मे महिन्यात तीन पानं कोरी!

"अण्णा, हे काय?"

"थोरलीच्या लग्नाची रजा होती की ओ."

"त्या दिवसांत कंटेनर गेले?"

"पाच गेले म्हणत्यात."

"काही झालं त्यांना? नाही ना? मग झालं तर! करा खुणा."

"साहेब, मी मांडवात अक्षता टाकत व्हतो. कंटेनर कुठनं बघू?"

"उद्या प्रमाणपत्र हुकलं, तर गेटाबाहेर पहिले तुम्ही. सांगून ठेवतो!"

मंडळी, पेन हातात आहे. धाकटीचं लग्न अजून व्हायचंय. आणि सात खुणांना वेळ तो किती लागतो? बोलता बोलता जपाचे सात मणी ओढायला लागतो, तेवढाच! — अण्णांनी पेनाला टोपण लावलं.

दुसऱ्या दिवशी तपासनीस बाई आल्या. पानं उलटता उलटता नेमक्या तिथंच थांबल्या. आवटीसाहेबांनी लगबगीनं चहाचा कप पुढे सरकवला!

"हे कोरं का?"

"त्या तीन दिसांत कुणी बघितलंच न्हाई, बाई."

बाईंनी चष्मा काढला. "मागे एका कारखान्यात पुराच्या दिवसाचं पान पाहिलं. गेटावर छातीभर पाणी — आणि रजिस्टरात, 'जमीन तपासली, कोरडी आहे!'" मग हळूच म्हणाल्या, "खाडे, या तीन पानांमुळे तुमची बाकीची पानं मी खरी धरते."

शेरा लिहिला, 'रजेत बदली माणूस हवा.' आणि प्रमाणपत्र दिलं!

वाजवा टाळ! — थांबा, इतक्यात नको. आधी आपलं बघू. रोज देवापुढे उभे राहतो. 'कुणाचं वाईट चिंतलं नाही' — खूण! 'कुणाचा हेवा केला नाही' — खूण! आत शिरलात? भिंत वाजवलीत? अहो, एखादं पान कोरं सोडा! 'देवा, आज आत डोकावलोच नाही' म्हणा. बाकीची पानं तो खरी धरेल.

अण्णांचं पुढे काय, विचारता? प्रमाणपत्र काचेत बसवून ऑफिसात लागलं. बाईंचा शेरा आवटीसाहेबांनी फार मनावर घेतला. गेटावर कधीच रजा न घेणारा नवा माणूस आणला, अण्णांना वजनकाट्यावर धाडलं. तेव्हापासून रजिस्टरात एकही पान कोरं नाही. रविवारचीसुद्धा सगळी भरलेली आहेत.

रविवारी कारखाना बंद असतो.