गोळीच्या जोडीला

बाई : उठू नका मास्तर, बसा तसेच. योगवर्ग सुटलाय, सगळे गेलेत, लाजायला कुणी नाही. पाणी घ्या.

मास्तर : काही नाही हो बाई. एका पायावर उभा राहिलो, तोल गेला, एवढंच.

बाई : दोन महिने वृक्षासनात खांबासारखे उभे राहताय. आज भिंत धरून खाली आलात. काय होतंय?

मास्तर : मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं होतं. झोप नाही नीट, दुसरं काय.

बाई : किती दिवस?

मास्तर : आठ-दहा.

बाई : त्या उदासीवरच्या गोळ्या चालू आहेत ना?

मास्तर : अं... हो, म्हणजे...

बाई : मास्तर.

मास्तर : बंद केल्या. अकरा दिवस झाले.

बाई : डॉक्टरांना विचारून?

मास्तर : त्यांना काय विचारायचं? बरं वाटत होतं मला. चार महिने दुकानाचं शटर उघडलं नव्हतं मी, बाई. गिऱ्हाइकांचे फोन यायचे, मी फोन उशीखाली दाबायचो. गोळ्या सुरू झाल्या, मग तुमच्याकडे यायला लागलो, आणि पुन्हा शिलाईच्या मशीनवर बसलो. म्हटलं, ही सगळी योगाची किमया. मग गोळ्यांचं लोढणं कशाला? वाटलं, तुम्हीसुद्धा खूश व्हाल.

बाई : मागच्या वर्षी झाले होते. पोस्टात काम करणाऱ्या एक होत्या. त्यांनीही असंच सांगितलं, आणि मी सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. पुढच्या महिन्यात त्यांना दवाखान्यात भरती करावं लागलं.

मास्तर : आता?

बाई : आता बऱ्या आहेत. माझ्याकडे येत नाहीत.

मास्तर : त्यात तुमची काय चूक?

बाई : टाळ्या माझ्या होत्या ना. मी अंग वळवायला शिकवते, श्वास सांभाळायला शिकवते. त्यानं मदत होते, नाही कोण म्हणतं? पण ती औषधाच्या जोडीला, औषधाच्या जागी नाही. काम कसं चाललंय?

मास्तर : काल एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. तीस वर्षांत पहिल्यांदा.

बाई : सरळ विचारते. जगणं नकोसं वाटतं का?

मास्तर : आज नाही.

बाई : आज नाही म्हणजे?

मास्तर : काल वाटलं, त्या बाह्यांकडे बघत बसलो होतो तेव्हा. मग गिऱ्हाईक आलं, आणि गेलं ते डोक्यातून.

बाई : सांगितलंत, बरं केलंत. आता हेच डॉक्टरांना सांगा. इथूनच फोन लावा.

मास्तर : ओरडतील हो.

बाई : ओरडू देत. मी बसलेय.

(मास्तर फोन लावतात.)

मास्तर : हॅलो, डॉक्टर? मी शिंपी मास्तर... गोळ्या मी मनानंच बंद केल्या. अकरा दिवस... हो, चक्कर येते... हो, काल तसा विचारही आला होता... नाही, आत्ता नाही. एकटा नाहीये, योगवर्गात आहे... बरं, मनानं परत सुरू नाही करत. साडेदहाला येतो.

बाई : ओरडल्या?

मास्तर : नाही. म्हणाल्या, फोन केलात ते फार बरं झालं. योग सोडू नका, फक्त तोलाची आसनं सध्या नकोत. आणि सोबत कुणालातरी घेऊन या.

बाई : घरी ठाऊक आहे?

मास्तर : छे. ती रोज सकाळी पाण्याचा पेला हातात देते, मी गोळी घेतल्यासारखं करतो. आज काय मनात आलं कोण जाणे, मीही येते म्हणाली. बाहेर बाकावर बसलीय.

बाई : मग बोलवा की.

मास्तर : अगं, जरा आत येतेस?

पत्नी : काय झालं? तोंड का असं उतरलंय?

मास्तर : साडेदहाला डॉक्टरांकडे जायचंय. मी... गोळ्या बंद केल्या होत्या गं.

पत्नी : माहितीय. काल सदरा धुवायला घेतला, तर खिशात तीन निघाल्या.

मास्तर : मग बोलली का नाहीस?

पत्नी : कसं विचारावं तेच कळेना. म्हणून बरोबर आले.