मोजणी शुक्रवारपासून

सभेच्या अध्यक्षा माननीय इंदुमतीजी व्यास, व्यासपीठावरील विद्वज्जन, सत्कारमूर्ती पंडित गिरिजाशंकरजी औदीच्य, आणि शिप्रेच्या दोन्ही काठांवरून आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

पंडितजी उद्या लेकीकडे जबलपूरला निघाले, कायमचे. चाळीस वर्षं त्यांनी या नगरीला तिथी दिल्या. मला त्यांच्या गौरवासाठी उभं केलंय. मला मात्र एक कबुली द्यायची आहे, आणि आज दिली नाही तर ती राहूनच जाईल.

कलियुग कधी लागलं? पुराणं सांगतात, श्रीकृष्णानं पृथ्वी सोडली तेव्हा. गणिती सांगतात, गुरुवार सरून मध्यरात्र झाली तेव्हा. म्हणून वारांची मोजणी शुक्रवारपासून: तेव्हापासूनचे दिवस सातानं भागायचे, उरलेली बाकी शुक्रवारपासून मोजायची, की वार मिळतो. आणि आपण घाटावर पिंड देतो ते पितृपक्षातल्या त्रयोदशीला, तीच युगाची तिथी म्हणून. भांडणाच्या युगाचा जन्मदिवस शांततेत पार पडेल, अशी अपेक्षा तरी कुणी करावी?

एकतीस वर्षांपूर्वी नाही पडला. पंडितजींच्या पंचांगात त्रयोदशी बुधवारी होती, आमच्या मठाच्या पंचांगात मंगळवारी. मठाचं गणित माझं. वय चोवीस. बुधवारी सकाळी त्यांचे लोक घाटावर पिंड मांडून बसले, तेव्हा मी पायरीवर चढून म्हणालो, "तिथी चुकवणारा पितरांना उपाशी मारतो. ज्या हातानं हे लिहिलं तो अजून शाबूत का?"

वाक्य चांगलं जमलं होतं. वक्त्याला अशी वाक्यं फार गोड लागतात.

लाठ्या उठल्या. पिंड तुडवले गेले, कलश कपाळांवर बसले. एक म्हातारा फाटलेला कान एका हातानं धरून दुसऱ्या हातानं दर्भ चाचपत होता. पाण्यात तीळ आणि रक्त एकत्रच वाहत होतं.

पंडितजी मध्ये आले. "अरे, गणित तरी दाखव आधी. मारामारीला दिवस पडलाय." त्याही गोंधळात दोघे-तिघे हसले. त्या हसण्यानं मी पेटलो. त्यांनी माझ्या काखेतली गणिताची पाटी घ्यायला उजवा हात पुढे केला आणि मी त्यावर लाठी घातली. तीनदा. बोटं मोडल्याचा आवाज मला वेगवेगळा ऐकू आला.

पोलिसांना ते म्हणाले, "शेवाळ होतं. पाय घसरला." गावानं तेच खरं मानलं.

आठ दिवसांनी मी त्यांच्या दारात उभा राहिलो. त्यांच्या पत्नी, अम्माजींनी विचारलं, "आता काय, डावा राहिलाय म्हणून आलास?"

आतून आवाज आला, "येऊ दे गं. पाटी आणलीय का बघ."

पाटी पाहून म्हणाले, "सातानं भागलंस ते बरोबर. बाकी गुरुवारपासून मोजलीस होय? मध्यरात्र ऐकलीस आणि पहाट विसरलास." मग खडू डाव्या हातात घेतला. अक्षरं वेडीवाकडी आली. "माझाही आज पहिलाच धडा आहे बेटा. चल, शुक्रवारपासून."

तिथून पुढे ते मला शिकवत राहिले. माझ्या आकड्यावर विसंबून ज्यांनी मंगळवारी पिंड दिले, त्यांना मात्र मी आजवर काही सांगितलं नाही. त्यातले काही समोर बसलेत. चूक माझी होती. आणि शेवाळ नव्हतं.

अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. भाषणात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. बाकीच्याची क्षमा आपल्याकडे मागत नाही. एकतीस वर्षं मी प्रत्येक सभेत पंडितजींच्या डाव्या बाजूला बसलो.

आज उजव्या बाजूला बसतो, त्यांनी बसू दिलं तर.