टेम्पो परत न्या

हॅलो?… हो, उमाच. अंबरनाथच्या बालगृहातूनच, अजून कुठून!… बोल सुरुची.

काय ठरलं कमिटीत?… शिवणकाम?… अख्खा दिवस? आणि बीजगणित?… बंद?

अगं, तू ऐक ना आधी… हो, हो, 'या मुलींना झेपेल तेच शिकवा.' ऐकलंय मी. आपण डी.एड.ला एकत्र असताना तू असं बोलायची नाहीस. ऑफिसात बसल्यावर शिकलीस.

मशिनं फुकट मिळाली म्हणून? मग एक तुझ्या घरी ने, लेकीला बसव त्यावर!… का गं? तिची दहावी आहे? माझ्या सोनियाचीही दहावीच आहे!

सोनिया गं. उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यातून सोडवून आणलेली… हां, तीच. आली तेव्हा वर्गात बसून शेजारणीच्या ड्रेसचे धागे तोडायची. नखांनी! समोर पुस्तक उघडं, आणि ही बया धागे शोधतेय. लहानपणापासून कारखान्यात मशीनशेजारी बसून तेच केलेलं, बोटं थांबतच नव्हती. किती जीव आटवला मी तिच्यापायी! आता समीकरण सुटलं की टाळी मागते माझ्याकडे. आणि तिच्यापुढे पुन्हा तेच मशीन? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?

इमोशनल? हो, आहे मी इमोशनल!

येतं ना तिला शिवायला. तुमच्या अख्ख्या कमिटीपेक्षा बरं येतं!… नाही गं, शिवणकामाला नावं नाही ठेवत. जिला हवं तिला शिकवा ना, दहावी झाल्यावर. विचारून. विचारलं का कुणी एकीला तरी?… मग?

माझं काँट्रॅक्ट?… नका करू रिन्यू. सांग साहेबांना, उमा घाबरत नाही… बरं, घाबरते. पण मशिनं मिळाल्याच्या पावतीवर सही करणार नाही.

काय? आजच?… टेम्पो निघाला म्हणजे?… थांब, गेटवर हॉर्न वाजतोय…

आला तुझा टेम्पो. एक मशीन उतरवलंसुद्धा… अगं बाई… सोनिया व्हरांड्यात उभी आहे. बघतेय नुसती…

सुरुची… ती धागे तोडतेय गं. स्वतःच्या बाहीचे.

नाही, आता काही सांगू नकोस मला!… ओ दादा! दुसऱ्या मशीनला हात लावायचा नाही! हे पण उचला, चढवा परत!… मी सांगतेय म्हणून!… सोनिया, चल बाळा वर्गात, गणित अर्धं राहिलंय आपलं… दे, हात दे इकडे…

ठेवते गं. माझा हात रिकामा नाहीये.