मोह वाळला त्याची गोष्ट

(गडचिरोलीकडचं एक गाव. गावाबाहेर मोहाच्या झाडाला खुशाल दोरीनं बांधलेला, कपाळ फुटलेलं. समोर कुऱ्हाड घेऊन त्याचा थोरला भाऊ डोमा. डोमाची कॉलेजात शिकणारी मुलगी दिव्या दोघांच्या मध्ये उभी.)

दिव्या : कुऱ्हाड खाली ठेव, बाबा. काकाचं रगत थांबून नाई राह्यलं.

डोमा : बाजूले हो. आधी त्याच्या तोंडून निघू दे. झाड मारायले मुळात हिंग घातलं का नाई, बोल बे.

खुशाल : नाई घातलं. कितीदा सांगू?

डोमा : मंग मुळं काऊन मेली? मी खोदून पायली, काळीठिक्कर. वाटनीत मोह मले आला, तवापासून जळतोस तू. आज याच्याच बुडात गाडतो तुले.

दिव्या : मुळं इखानं नाई मेली, बाबा. उपाशी मेली.

डोमा : उपाशी? झाडाले खानं तं मुळंच आनते जमिनीतून.

दिव्या : मुळं पानी आनते. खानं वर पानात बनते. पान ऊन पकडते, त्या जोरावर हवा अन् पानी जोडून साखर करते. ऊन त्या साखरेत साठून राह्यते. मोहफुलाचा गोडवा तोच. तीच साखर सालीतून खाली उतरते, तवा मुळं जगते.

डोमा : कॉलेजातलं मले नको शिकवू. मांगच्या साली पानं हिरवीगार होती.

दिव्या : होतीच. पानी आतल्या लाकडातून वर जात होतं. साखर खाली येत नव्हती. हे पाय, इथी खोड फुगलं. वर जाड, खाली बारीक. दे कुऱ्हाड, साल काढून दाखवतो.

डोमा : मीच काढतो. काई नाई निघालं तं पुढचा घाव याच्या मानेवर.

दिव्या : हळू. काकाचा हात आहे तिथी.

डोमा : हे काय लागलं? लोखंड?

दिव्या : तार. चहूबाजूनं सालीत रुतली. साखर इथीच अडून बसली. कोनं बांधली ही?

डोमा : (तारेवरून बोट फिरवतो.)

दिव्या : बाबा, कोनं बांधली?

डोमा : मी. वाटनी झाली तवा. झाड माहं आहे, हे साऱ्याले दिसावं म्हनून. ढिली होती पोरी, आतून बोट जाये.

दिव्या : झाड वाढलं. तार नाई वाढली.

डोमा : खुशाल, तू तं रोज इथूनच जातोस. तुले दिसली नाई?

खुशाल : दिसली. दोनदा पक्कड घेऊन आलो, भाऊ. पन झाडाले हात लावला तं हात तोडीन, म्हनला होतास तू.